भाड्याचं ऑक्सिजन मशिन आणि मिरजेचं एक दुकान : चौदा महिन्यांचा अनुभव

"मशिन लंगडतंय बघ," आण्णा म्हणाले, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मी उठून दिवा लावला. मशिनवरचा हिरवा दिवा चालू होता, त्याला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते, नळीतून हवा येत होती. मी म्हटलं, "आण्णा, चालू आहे की. झोपा." ते झोपले नाहीत. उशाला टेकून ऐकत राहिले.

आण्णा इचलकरंजीत ३८ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे, होते. शेडमध्ये २४ माग एकदम चालत असताना कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय, हे ते दारात उभं राहून सांगायचे. कापसाची धूळ आणि त्यावर बिडी, या दोन्हींनी मिळून त्यांची फुफ्फुसं खाल्ली. आता ते ७४ वर्षांचे आहेत, सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, आणि डॉक्टरांनी घरी मिनिटाला २ लिटरवर ऑक्सिजन लावायला सांगितलाय, दिवसातून कमीत कमी १५ तास. हा १५ तासांचा आकडा डॉक्टरांच्या मनातला नाही, हे मला नंतर समजलं. १९८० साली अमेरिकेतला आणि १९८१ साली ब्रिटनमधला, असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्यांचा ऑक्सिजन फार खाली गेलेला असतो अशा सीओपीडीच्या रुग्णांना रोज इतके तास ऑक्सिजन दिला तर ते जास्त जगतात, असं त्यांतून दिसलं. म्हणजे हे मशिन आमच्या घरात औषधाच्या गोळीसारखंच आहे, आणि गोळीत औषध किती आहे हे मला माहीत असायलाच हवं. ही गोष्ट मला पहिले चार महिने कुणी सांगितली नाही, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिलं मशिन आम्ही जवळच्याच एका दुकानातून भाड्यानं आणलं होतं. त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडायचं नाही. पोऱ्या मशिन घेऊन आला, पिन लावली, बटण दाबलं आणि बाटलीत नळाचं पाणी भरून पाच मिनिटांत गेला. बोटाला चिमटा लावून घेतलेलं आण्णांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं मापन सकाळी ८९ टक्के यायचं ते हळूहळू ८६ आणि मग ८४ वर आलं. फोन केला की उत्तर एकच, "हिरवा दिवा आहे ना? मग मशिन ओके आहे. लिटर वाढवा." आम्ही दोनाचे चार केले. फरक पडला नाही. आण्णांना बाथरूमपर्यंत चालवेना. आम्ही समजलो, आजारच वाढला.

आणि आण्णा रोज रात्री म्हणत होते, मशिन लंगडतंय.

मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरनी एका दुकानाचा पत्ता दिला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे लोक उपचाराला येतात. त्यामुळे पलंग, वॉकर, ऑक्सिजन, सक्शन मशिन भाड्यानं देणारी दुकानंही तिथं आहेत. हे दुकान एका गल्लीत आहे, दोन गाळ्यांचं. बाहेरच्या गाळ्यात सामान, आतल्या गाळ्यात दुरुस्तीचं टेबल. दुकानाचं नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. त्यांच्याकडे ४० च्या आसपास मशिनं आहेत आणि तपासणीला एकच इंजिनिअर मुलगी. "ओळखीनं येतील तेवढीच नीट सांभाळता येतात, ताई," असं ते म्हणाले. मिरजेत छातीच्या कुठल्याही दवाखान्यात विचारलंत तर पत्ता सांगतील.

मी फोन केला तेव्हा मालकांनी भाडं सांगण्याआधी मलाच प्रश्न विचारले. डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? किती लिटर लिहिलंय? रात्रीच लावायचं की दिवसाही? घरात व्होल्टेज कसं असतं? देवघर कुठं आहे? शेजारी मागाची शेड आहे का? शेवटच्या प्रश्नावर मी चकित झाले. शेड आहे, आमच्या मागच्या भिंतीला लागूनच. "मग मशिन त्या बाजूला ठेवू नका, फिल्टर चार दिवसांत बुजेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशिन घेऊन इंजिनिअर मुलगी स्वतः आली. वय तिशीच्या आत. मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तिथल्याच एका इस्पितळात पाच वर्षं मशिनं सांभाळली, आणि मग आईवडिलांसाठी गावाकडे परत आली. तिनं आधी नवीन मशिन खोक्यातून काढलंच नाही. "जुनं बंद करू नका, मला बघू द्या," म्हणाली. पिशवीतून मोबाइलपेक्षा जरा मोठं एक मीटर काढलं आणि आमच्या मशिनच्या तोंडाला जोडलं.

आण्णा म्हणाले, "पोरी, त्याचा एक पाय आखूड पडतोय. टक-फुस्स, टक-फुस्स असं पाहिजे. ह्याचं टक-फुस्स, टक… असं होतंय."

कुणी त्यांचं हे बोलणं ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ. ती मशिनवर कान ठेवून मिनिटभर बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे, आजोबा." मग मीटर माझ्यासमोर धरलं. २ लिटरवर ५८ टक्के ऑक्सिजन. चार लिटरवर नेलं, तर ४३.

बाटलीत बुडबुडे येतात याचा अर्थ हवा येते आहे. ती हवा ऑक्सिजनच आहे असा नाही. चार महिने आमच्या घरात हा फरक कुणाला माहीत नव्हता. तिनं कागदावर गणित करून दाखवलं. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. २ लिटरवर ५८ म्हणजे हवेपेक्षा ३७ टक्के जास्त, दोन लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास जादा ऑक्सिजन. चार लिटरवर ४३ म्हणजे २२ टक्के जास्त, चार लिटरमागे ०.८८ लिटर. लिटर दुप्पट केले तरी आण्णांच्या पदरात जवळजवळ तेवढाच पडत होता. चांगल्या मशिनवर २ लिटरला दीड लिटरच्या आसपास पडला असता. मी १९ वर्षं पतसंस्थेत खतावणी सांभाळते, मला हा हिशेब लगेच कळला. खात्यावर रक्कम दिसत होती, पण तिजोरीत निम्मीच होती.

आणि हिरवा दिवा? त्या मॉडेलमध्ये ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा सेन्सरच नव्हता. दिव्याचा अर्थ एवढाच, की वीज आहे आणि आत दाब आहे. ज्या मशिनांत सेन्सर असतो त्यांत प्रमाण खाली गेलं की पिवळा किंवा लाल दिवा लागतो, बझर वाजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार अशा मशिनमधून निदान ८२ टक्के ऑक्सिजन यायला हवा. दुकानदारानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावं. पण ज्याला माहीत नाही त्यानं "ओके आहे" म्हणू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

मशिन आतून कसं चालतं हे तिनं आण्णांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, ते मला फार आवडलं. आत एक कॉम्प्रेसर असतो, तो खोलीतली हवा ओढून दाबतो. दोन उभ्या नळकांड्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे भरलेले असतात, राजगिऱ्याएवढे, पांढुरके. दाबाखाली हे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं जातो. काही सेकंदांत दाणे नायट्रोजननं भरले की झडप उलटते. हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते आणि पहिलं नळकांडं फुस्स करून धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं. मग पुन्हा उलट. "धोट्यासारखं," आण्णा म्हणाले. "इकडनं तिकडं, तिकडनं इकडं." ती म्हणाली, "अगदी तसंच." आमच्या जुन्या मशिनची झडप एका बाजूला अडकत होती, म्हणून एक नळकांडं पुरतं रिकामं होत नव्हतं. आण्णांना ऐकू येणारा आखूड पाय तो हाच. शिवाय दाणे दमट झालेले. दमट झिओलाइट नायट्रोजन नीट धरत नाही, आणि एकदा ओलावा शिरला की तो सहजासहजी निघत नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत लोकांनी मिळतील तिथून ही मशिनं घेतली. लाट ओसरल्यावर त्यांतली बरीच गोडाऊनमध्ये, माळ्यावर पडून राहिली. मशिन वापरून खराब होतं तसंच ते पावसाळ्यात नुसतं ठेवूनही होतं, कारण दाणे हळूहळू ओलावा पितात. "दिसायला कोरं असलं तरी मीटर लावल्याशिवाय घेऊ नका," हे तिचं वाक्य मी आता शेजारीपाजारी सगळ्यांना सांगते. सेकंडहँड घेणाऱ्यांना तर हात धरून सांगते.

नवीन मशिन लावलं, १० मिनिटं चालू दिलं आणि मोजलं. ९४.६. यापेक्षा फार वर जात नाही, कारण हवेत एक टक्क्याच्या जवळपास आरगॉन असतो आणि झिओलाइट त्याला अडवत नाही, तो ऑक्सिजनबरोबर पुढं येतो. "कुणी १०० टक्के देतो म्हणालं तर समजून जा," ती म्हणाली. त्या रात्री २ लिटरवर आण्णांचं मापन ९१ आलं. सकाळी ते स्वतः उठून सोप्यात जाऊन बसले.

आता या दुकानाच्या सेवेबद्दल. भाडं महिन्याला ४,५०० रुपये, अनामत १०,०००. पहिल्या दुकानाचं भाडं ३,५०० होतं. या जादा हजार रुपयांत काय मिळतं? दर महिन्याला एक भेट आणि मशिनला दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड. कार्डावर तारीख, मशिन एकूण किती तास चाललं तो आकडा, २ लिटरवरचं आणि ५ लिटरवरचं ऑक्सिजनचं प्रमाण, दाब, फिल्टर धुतला की बदलला, आणि सही. मशिन आलं तेव्हा तासांचा आकडा ३,२१० होता, आज दहा हजारांच्या घरात आहे. प्रमाण ९४.६ वरून ९३.१ वर आलंय. मधे पावसाळ्यात ९१ झालं होतं तर तिनं आतला फिल्टर बदलला आणि १५ दिवसांनी न बोलावता पुन्हा येऊन मोजलं. नोंदवहीवर माझा जीव आहे, हे माझ्या नोकरीनं लावलेलं वळण आहे. पण ज्या मशिनवर माणसाचा श्वास चालतो त्याची नोंद नसणं, हे मला आता पहिल्या दुकानाच्या चुकीपेक्षाही मोठं वाटतं. भाड्यानं मशिन देणाऱ्या प्रत्येकानं असं कार्ड दिलं पाहिजे. एका कार्डाला छपाईला किती पडत असतील?

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीही तिनं परीक्षा घेतली. आमचा चिमटा ९३ दाखवत होता, तिचा ८९. तिनं आण्णांची बोटं चोळून गरम केली, पुन्हा लावलं, आणि आमचा थोडा ताळ्यावर आला. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं, एक लाल आणि एक आपल्याला न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून हिशेब होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा तेवढाच भाग धरायचा, ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरनं १९७४ मध्ये मांडली. म्हणून थंड बोट, नेलपॉलिश, हलणारा हात, असं काहीही असलं की आकडा बिघडतो. सावळ्या त्वचेवर काही यंत्रं खरं असतं त्यापेक्षा जास्त दाखवतात, हेही तिनं सांगितलं. आपल्याकडे हे सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

मी विचारलं, "मग ९८ यायला किती लिटर लावू?" तेव्हा ती पहिल्यांदा जरा कडक झाली. सीओपीडीच्या माणसाला ९८ पर्यंत नेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, माणूस गुंगीत जातो. आण्णांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ८८ ते ९२ लिहिलं होतं आणि मी ती चिठ्ठी चार महिने पाकिटात घालून फिरत होते. "ताई, लिटर किती हे डॉक्टर ठरवणार. मशिन सांगतंय ते खरं आहे का, एवढंच मी सांगणार. त्या पहिल्या दुकानातल्यांनी तुम्हाला लिटर वाढवायला सांगितलं, ते सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. मलाही नाही." बायोमेडिकल इंजिनिअर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

घरातल्या आगीचंही तिनं पाहिलं. आईचं देवघर आण्णांच्या पलंगापासून चार फुटांवर होतं, संध्याकाळी निरंजन आणि उदबत्ती. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जवळ जे जळतंय ते भडकवतो. पांघरुणात, कपड्यांत तो साठतो. आईला हे सांगणं सोपं नव्हतं, तरी देवघर स्वयंपाकघरात हललं. नाक कोरडं पडतं म्हणून आण्णा व्हॅसलीन लावायचे, ते बंद झालं, पाण्यात मिसळणारी जेल आली. आणि एक दिवस आण्णा राखीव सिलिंडरची कडक झालेली चावी सैल करायला ऑइल कॅन घेऊन बसलेले मला दिसले. जॉबरचा हात तो, काही अडलं की तेल. मी धावत जाऊन कॅन काढून घेतला. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेल किंवा ग्रीस लागलं तर दाबाखाली ते पेट घेऊ शकतं, हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ऐकलं होतं, आण्णा तेव्हा झोपलेले होते. त्यानंतर तिनं सिलिंडरवर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी चिकटवली : तेल लावू नये.

माझा मुलगा बारावीला आहे. तो तिच्या मागं मागं असतो. एका भेटीत तिनं त्याला आमच्याच घरातल्या वस्तू दाखवून सगळ्या मेडिकल उपकरणांची ओळख करून दिली, आणि मीही चहा गाळता गाळता ऐकत राहिले. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केलेत. हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. बिघडलं तर फारसं नुकसान नाही ते ए मध्ये, म्हणजे आईचा वॉकर. इंजेक्शनची सुई बी मध्ये. व्हेंटिलेटर, हाडाला लावायची प्लेट सी मध्ये. आईच्या गुडघ्यात बसवलेला सांधाही सी मध्ये. आईनं पदर सावरत गुडघ्याकडे बघितलं, तो धातू आपल्या अंगात असून त्याला सरकारी वर्ग आहे हे तिला पहिल्यांदाच समजत होतं. डी मध्ये हृदयाची झडप, पेसमेकर यांसारख्या वस्तू, ज्या थांबल्या तर माणूसच थांबतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं भारतात बनवलेली हृदयाची झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली, हे सांगताना तिचा चेहरा घरातलं कुणी पास झाल्यासारखा झाला होता.

मुलानं तिला विचारलं, हे शिकून माणूस काय करतो? तिचं उत्तर त्यानं वहीत लिहून ठेवलंय. कुणी नवीन उपकरण बनवतो. कुणी कंपनीत ते तपासतो. इस्पितळातला बायोमेडिकल इंजिनिअर रोज सकाळी ऑपरेशन थिएटर उघडायच्या आधी मॉनिटर बरोबर दाखवतोय का, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर सांगितला तेवढाच झटका देतोय का, सलाइनचा पंप तासाला ५ मिली सांगितलं तर ५ च सोडतोय का, हे मोजून बघतो. रुग्णाला तो कधी दिसत नाही. आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' नावाचं केंद्र आहे, महाराष्ट्र शासनाच्या मदतीनं सुरू झालेलं. तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून आपल्याकडच्या गरजेची उपकरणं तयार करतात. मुलगा आता त्याबद्दल शोधत असतो. फिजिक्सचा कंटाळा करणारा हा पोरगा दाब आणि प्रवाह यांतला फरक मला समजावून सांगतो.

विजेचा खर्च कुणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिते. आमचं ५ लिटरचं मशिन ३५० वॅट खातं. १६ तास म्हणजे रोज ५.६ युनिट, महिन्याला १६८. त्यामुळे बिलाचा स्लॅबच बदलतो. वीज गेली तर दुकान १.५ घनमीटरचा छोटा सिलिंडर राखीव देतं, म्हणजे १,५०० लिटर. २ लिटरनं १२ तास निघतात. मोठा जम्बो ७ घनमीटरचा, तो त्याच हिशेबानं ५८ तास. कृष्णेला पाणी चढलं की अंकलीच्या पुलावरून मिरजेकडचा रस्ता बंद व्हायची भीती असते, म्हणून जुलै लागला की मालक स्वतः फोन करून जम्बो आणून ठेवतात आणि सप्टेंबरात घेऊन जातात. त्याचं वेगळं भाडं घेतात, ते रास्त आहे.

तक्रारीही आहेत. एकच इंजिनिअर असल्यामुळे ती आजारी पडली तेव्हा एक भेट १२ दिवस उशिरा झाली. दिवाळीत दुकान चार दिवस बंद होतं आणि फोनवर फक्त मालक होते. ते भले माणूस आहेत, पण मीटर त्यांना वाचता येत नाही. नाकातली नळी दर महिन्याला बदलावी लागते, तिचे आणि बाटलीचे पैसे वेगळे लागतात, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. पावती हातानं लिहिलेली असते. माझ्या मेडिक्लेमवाल्यांनी ती दोनदा परत पाठवली. १० लिटरचं मशिन त्यांच्याकडे फार कमी आहे, लागलं तर वाट बघावी लागेल. आणि मशिनचा आवाज. तो कुठल्याच दुकानाचा दोष नाही, पण छोट्या घरात तो सतत असतो. आम्ही मशिन मधल्या खोलीत, भिंतीपासून फूटभर पुढं ठेवलंय आणि ७ मीटरची नळी लावलीय. आण्णा सोप्यापर्यंत फिरतात. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. फिल्टर मी बुधवारी आणि रविवारी धुते, शेजारच्या शेडचे तंतू त्यात लोकरीसारखे जमलेले असतात.

तुम्हाला असं मशिन घ्यायचं असेल, विकत किंवा भाड्यानं, तर तुमच्या गावच्या दुकानात एकच गोष्ट करा. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या लिटरवर, मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. मीटर नाही म्हणाले तर उठा.

परवाच्या भेटीत तिनं पिशवी उघडायच्या आधी आण्णांना विचारलं, "आजोबा, काय म्हणतंय?" आता ती दर वेळी विचारते. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "चालतंय. पण डावीकडची जरा जड उठतीया." मीटरवर ९३.१ आलं, सगळं ठीक. मी चहा ठेवायला वळले, तर ती स्क्रू काढत होती. दोन्ही नळकांड्यांचे दाब वेगवेगळे मोजले, आणि डावीकडचा किंचित वर होता. अजून चालेल असं म्हणाली, पण कार्डावर लिहिलं : डावी झडप, पुढच्या भेटीला बदलणे. पुढची भेट तीन आठवड्यांनी होती. मंगळवारीच ती झडप घेऊन आली.